नाकाला आधार कशाचा?

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)

समोर बसलेल्या बाई आणि सर, आणि माझ्या वर्गातल्या मुलामुलींनो,

चष्म्याचे नंबर वाढले तरी या आवारात आपण मुलंमुलीच. संयोजकांनी बजावलंय, "नोकरीबद्दल बोलू नका, नोकरीबाहेर काय शिकलात ते दहा मिनिटांत सांगा." सॉफ्टवेअर बाजूला ठेवून मी नाकाबद्दल बोलणार आहे. माझं नाक बदललेलं तुमच्या लक्षात आलंच आहे, आणि भिडेपोटी कुणी विचारत नाहीये.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी स्कूटरवरून पडले. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं म्हणून मला घरी पाठवलं. पण नाकाचा फक्त वरचा भाग हाडाचा असतो. खालचा सगळा डोलारा कूर्चेवर उभा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातल्या या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला चिकटलेल्या आवरणातून तिचं पोषण होतं. मार लागून दोहोंच्या मध्ये रक्त साचलं, तर कूर्चेची उपासमार होते आणि काही दिवसांत ती विरून जाते. माझी तशीच विरली. तंबूचा मधला खांब काढावा तशी नाकाची दांडी खचली. दिसण्याचं सोडून द्या, पुढची वीस वर्षं मी रात्री तोंडाने श्वास घेतला.

नाक दुरुस्तीत आपल्या मुलखाचं नाव मोठं आहे. १७९२च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला टिपूच्या लोकांनी पकडलं आणि त्याचं नाक कापलं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली तिकडे तसं ऑपरेशन केलं. पण हा उपाय कातडीचा होता. माझी कातडी जागेवर होती, आतला आधार गेला होता. आणि आधार कशाचा द्यायचा, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

१९००च्या सुमारास व्हिएन्नाच्या गेर्सुनींनी पॅराफिनचं मेण टोचण्याचा मार्ग दाखवला. झटपट काम, पण ते मेण आत सरकायचं आणि त्याच्या गाठी व्हायच्या. आज बाहेरच्या वस्तूंमध्ये सगळ्यांत जास्त चालतं ते सिलिकॉन, विशेषतः कोरियाकडे. तयार पट्टी मिळते, कोरून बसवता येते, शरीरात दुसरीकडे कुठे कापावं लागत नाही. शरीर तिच्याभोवती पिशवी तयार करतं, पण तिला आपलंसं करत नाही. म्हणून ती काढायला सोपी, आणि सरकायलाही. पट्टी मोठी आणि शेंड्याची कातडी पातळ असेल, तर वर्षानुवर्षांच्या ताणाने ती कातडी फाडून बाहेरही येते. नाकापेक्षा मोती जड, तो असा! म्हणून बरेच सर्जन सिलिकॉन फक्त दांडीवर ठेवतात आणि शेंड्याला कानाची कूर्चा लावतात. दुसरं गोअर-टेक्स, ज्याचे रेनकोट होतात त्याच जातीचं. त्याच्या बारीक छिद्रांत थोडी पेशीजाल शिरते. तिसरं सच्छिद्र पॉलिएथिलीन. याची छिद्रं मोठी, आत रक्तवाहिन्याही वाढतात. ते पक्कं बसतं, पण जंतुसंसर्ग झाला तर काढताना आजूबाजूचंही ओरबाडून निघतं.

आता घरचा माल. पहिली पसंती पडद्याच्या कूर्चेला, ती माझ्याकडे उरलीच नव्हती. कानाची कूर्चा मऊ, वाकडी आणि थोडी. शेंड्याला छान, पण खचलेली दांडी उचलायला अपुरी. उरली बरगडीची कूर्चा. भरपूर आणि दणकट, पण छातीवर व्रण येतो, आणि क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका असतो. शिवाय कोरलेला तुकडा ओल्या लाकडासारखा वाकतो. १९५८ साली गिब्सन आणि डेव्हिस यांनी याचं कारण दाखवलं. कूर्चेच्या बाहेरच्या थरांत ताण असतो. एकाच बाजूने तासलं तर तोल बिघडतो, म्हणून चारी बाजूंनी सारखं तासून गाभा वापरायचा. वाकण्याची कटकटच नको म्हणून काही सर्जन कूर्चेचे बारीक तुकडे करून कानशिलावरच्या पातळ आवरणात गुंडाळून भरतात. फक्त त्याने उंची मिळते, खांब होत नाही.

प्रोग्रॅममध्ये बाहेरून आणलेला कोड जोडताना आम्ही विचारतो, उद्या हा काढायचा झाला तर किती तोडफोड होईल? मीही डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारले. हे येणार कुठून? वीस वर्षांनी याचं काय होईल? बिघडलं तर काढणार कसं? त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली आणि मी बरगडी निवडली. जुन्या इजेने आतली जागा आधीच आकसलेली, तिथे परकी वस्तू नको वाटली. वय वाढतं तशी बरगडीची कूर्चा चुनखडीसारखी कडक होत जाते, म्हणून आणखी थांबण्यातही अर्थ नव्हता. सहा आठवडे खोकताना आणि हसताना छाती दुखली. नाकाचा शेंडा आजही ताठ आहे, पूर्वीसारखा हलत नाही. पण मी तोंड मिटून झोपते.

तुमच्यापैकी कुणाची मुलगी "नाक जरा वर करायचंय" म्हणाली, तर नाक मुरडू नका. तिला हे तीन प्रश्न द्या. आणि सुईने भरायचं फिलर सोपं वाटलं, तरी ते रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, हेही सांगा.

बाई, सर, शेवटची विनंती तुम्हाला आणि इथल्या सगळ्या आईबाबांना. मैदानावर मुलाच्या नाकाला मार लागला, तर रक्त थांबलं म्हणून निश्चिंत होऊ नका. नाक गच्च बंद झालं, दुखणं वाढत गेलं किंवा आत पडद्यावर मऊ, लालसर-निळा फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. साचलेलं रक्त वेळेत काढलं तर कूर्चा वाचते. एक छोटा छेद आणि नाकात बोळा, एवढ्यावर भागतं. मग पुढे बरगडी, सिलिकॉन, कशाचीच गरज पडत नाही.