दारू सोडणाऱ्याला भगत नको, डॉक्टर हवा
(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत केलेलें भाषण)



दारूविरुद्ध बोलणें आमच्या चळवळीला नवें नाहीं. पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं दारूचीं दुकानें वाढविण्यास लेखी हरकत घेतली होती. आज तर गांवच्या स्त्रियांना मतदानानें बाटली आडवी करतां येते. पण दुकान उठलें तरी ज्याच्या अंगांत दारू मुरली आहे, त्याचें काय?

केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या पाहणींत असें आढळलें कीं, दारूच्या पुरत्या आहारीं गेलेल्या ३८ माणसांपैकीं जेमतेम एकाला कांहीं उपचार मिळतो. उरलेले ३७ शपथ घेतात, माळ घालतात, नाहीं तर भगताच्या पायांशीं बसतात.

येथेंच घात होतो. रोज भरपूर पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडली कीं हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कित्येकांना फेफरें येतें. पुढें कोणी नसलेलीं माणसें पाहतो, बरळतो. घरचीं म्हणतात, देव कोपला. भगत कोंबडें मागतो, आणि इकडे माणूस हातचा जातो. देव कोपलेला नसतो. दारूला सरावलेला मेंदू दारूवांचून खवळलेला असतो. डॉक्टरच्या देखरेखीखालीं कांहीं दिवस औषध व ब-१ जीवनसत्त्व दिलें तर हा धोका बहुधा टळतो. म्हणून आधीं डॉक्टर, मग माळ. जेवणांतून चोरून पूड मात्र चारूं नका. तिनें जीवही जाऊं शकतो.

हा उपचार म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारूमुळें होणारे मनाचे विकार आजारांत धरले आहेत, आणि सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराच्या डॉक्टरांची चौकशी करा. १४४४६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पुण्याचें मुक्तांगण १९८६ पासून हेंच काम करीत आहे.

पण पेरणी टाकून, भाता विझवून जिल्ह्याच्या गांवीं आठवडाभर कोण राहील? म्हणून आमचें सांगणें इतकेंच: ज्या ग्रामसभेंत दुकान बंद करण्याचा ठराव मांडाल, तेथेंच दुसराही मांडा, कीं दारू सोडविण्याचा उपचार तालुक्याच्या दवाखान्यांत मिळालाच पाहिजे. दारूच्या करानें सरकारची तिजोरी भरते. तो पैसा आमच्याच घामाचा आहे. त्यांतून आमच्या माणसासाठीं एक खाट मागण्यांत लाज कसली?