विमानाचा डोळा, जमिनीवरचा पहारा



वसंतातल्या या व्यासपीठावर अस्त्रांचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. पण आकाशातून येणारे संकट आता रणांगणापुरते उरलेले नाही. ते नागरिकांच्या छपरांवरूनच जाते. तेव्हा पहारेकऱ्याचा डोळा कसा असतो, हे नागरिकांनीही जाणून घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

कोणताही तापलेला पदार्थ डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकीत असतो. त्यांना आपण अवरक्त किरण म्हणतो. विमानाच्या इंजिनाचे तापलेले धुराडे म्हणजे अशा किरणांची मशालच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चायना लेक येथे विल्यम मॅक्लीन या शास्त्रज्ञाने या मशालीचा माग काढणारे अस्त्र घडविले. वाळवंटातील एका विषारी सापावरून त्याला 'साइडवाइंडर' हे नाव मिळाले. तो सापही भक्ष्याच्या उष्णतेवरून त्याचा ठाव घेतो. 1958 साली तैवानच्या सामुद्रधुनीवरील हवाई लढाईत हे अस्त्र प्रथम वापरले गेले.

पुढे अमेरिकन भूसेनेपुढे अडचण उभी राहिली. 'मॉलर' नावाची विमानविरोधी यंत्रणा फार गुंतागुंतीची ठरून 1965 साली रद्द झाली. मग विचार निघाला की, विमानावरचे तयार अस्त्रच गाडीवर का चढवू नये? त्यातून 'चॅपरल' जन्मास आली आणि 1969 पासून सैन्यात दाखल झाली. पट्ट्यांवर चालणारी गाडी, तिच्यावर फिरता मंच, मंचावर चार अस्त्रे आणि मध्ये बसलेला एक नेमबाज, अशी तिची रचना.

ऐकायला हे सोपे वाटते. पण अंबारीतला तिरंदाज खाली उतरवून जमिनीवर उभा केला, तर धनुष्य तेच राहते, बाण मात्र तितका दूर जात नाही. विमान ताशी 900 किलोमीटर वेगाने जात असेल, तर अस्त्र सुटण्यापूर्वीच त्याला सेकंदाला 250 मीटर वेग मिळालेला असतो. गाडीवरचे अस्त्र शून्यापासून आरंभ करते. शिवाय दहा हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश असते. खाली मात्र दाट हवा कापीत, गुरुत्वाकर्षणाशी झगडत वर चढावे लागते. परिणामी पल्ला बराच घटतो.

डोळ्याचीही तीच गत. उंचावरची हवा कोरडी, तर जमिनीलगतची बाष्पाने आणि धुळीने भरलेली. बाष्प अवरक्त किरण गिळते. त्यातून काही ठरावीक लहरींनाच वाट मिळते, जणू भिंतीतल्या खिडक्याच. आरंभीच्या अस्त्रांना तापलेले धुराडेच दिसे, म्हणून विमानाच्या पाठीमागूनच नेम धरावा लागे. समोरून चाल करून येणाऱ्या विमानापुढे जमिनीवरच्या पहारेकऱ्याला असा डोळा अपुरा पडतो. पुढे अतिशय थंड केलेले, अधिक संवेदनशील डोळे आले आणि समोरून येणारे विमानही दिसू लागले. तरी सूर्य आणि उन्हाने उजळलेल्या ढगांच्या कडा यांनी फसगत होण्याची भीती राहतेच.

या डोळ्याचा मोठा गुण असा की, तो स्वतः काही प्रक्षेपित करीत नाही. रडार शत्रूला आपला पत्ता देते. हा डोळा मुकाट्याने पाहतो. पण त्याला आप-पर कळत नाही. उष्णता दिसली की कानातील ध्वनी गुरगुरतो. ते विमान कोणाचे, हे माणसानेच ठरवायचे. पाच किलोमीटरवरून येणारे ते विमान वीस सेकंदांत डोक्यावर असते! त्या वीस सेकंदांत पाहणे, ओळखणे, ठरवणे आणि कळ दाबणे, हे सारे उरकायचे. आरंभीच्या चॅपरलचा नेमबाज तर उघड्या डोळ्यांनीच लक्ष्य शोधी, म्हणून रात्री ती निरुपयोगी. 1980 च्या दशकात तिला अंधारात पाहणारी अवरक्त दुर्बीण मिळाली. गाडीला दुसरा डोळा लागला तो अस्त्रासाठी नव्हे, माणसासाठी.

आपल्या हवाई दलानेही हाच मार्ग चोखाळला आहे. लढाऊ विमानांवरचे आर-73 हे रशियन बनावटीचे अस्त्र लष्करी मालमोटारीवर बसवून 'समर' ही यंत्रणा सिद्ध झाली आणि डिसेंबर 2023 मध्ये आंध्रातील सूर्यलंका येथील सरावात तिची चाचणी झाली. हाताशी असलेल्या साधनाला नवे काम देणे ही काटकसर आहे, आणि गरीब-श्रीमंत सर्वच राष्ट्रांना ती शोभते.

परंतु श्रोतेहो, उसना घेतलेला डोळा जागा बदलली की नव्याने शिकवावा लागतो. हे विसरून केलेली काटकसर ऐन वेळी महाग पडते, आणि ती किंमत गाडीतल्या नेमबाजाबरोबर छपराखाली झोपलेल्यांनाही मोजावी लागते. पहारा कितपत विश्वासाचा आहे, हे विचारण्याचा अधिकार म्हणूनच आपणां सर्वांचा आहे. तो बजावण्यापुरती जिज्ञासा या व्याख्यानातून जागी झाली असेल, तर आमचे काम झाले.