गाठ बांधावी, पण सुटेल अशी

(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहेस, मुलांना चार शब्द सांग." यशाचा मंत्र माझ्याकडे नाही. पण पंचवीसेक वर्षं रोज हाताखाली असलेलं एक हत्यार आहे, त्याबद्दल सांगते. त्याचं नाव जीझिप. फाइल दाबून लहान करणारा हा प्रोग्रॅम. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माउस लागत नाही. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून त्याला काम सांगायचं.

मी तो शिकले अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. तेव्हा पेन ड्राइव्ह आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता. प्रयोगशाळेतलं काम घरी आणायचं तर फ्लॉपी. तिच्यात मावायचं १.४४ एमबी, म्हणजे आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा मावणार नाही. आमच्या प्रोजेक्टचं फोल्डर त्याच्या तिप्पट होतं. प्रयोगशाळेतल्या एका सीनियर ताईने सांगितलं, "टार कर आणि जीझिप कर, एका फ्लॉपीत बसेल." मी विचारलं, कसं? ती म्हणाली, "मॅन जीझिप टाइप कर आणि वाच." मॅन म्हणजे मॅन्युअल, त्या यंत्रात बसवलेलं माहितीपुस्तक. पडद्यावर पानंच्या पानं इंग्रजी आली.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या पोटात अशा वेळी काय होतं ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. पण दोन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. त्या पानावरचं इंग्रजी शहरातल्या शाळांतून आलेल्या मुलींनाही कळत नव्हतं, कारण ती भाषा इंग्रजी असली तरी बोलण्याची नव्हती. आधी कामाचं नाव, मग ते कसं करायचं त्याची अक्षरं, मग कशावर करायचं ते. एवढंच तिचं व्याकरण. टार, मग आडवी रेघ, तिला चिकटून सी, झेड, एफ ही अक्षरं, मग गाठीचं नाव आणि शेवटी फोल्डरचं नाव. सी म्हणजे नवीन बांध, झेड म्हणजे जीझिपने दाब, एफ म्हणजे या नावाच्या फाइलमध्ये ठेव. सोडवायचं असेल तर सीच्या जागी एक्स. आत काय आहे ते नुसतं बघायचं असेल तर टी. पाढे पाठ करणाऱ्यांना हे काय अवघड?

आता हे दाबणं म्हणजे काय? आपल्या भागात दाबणं कुणाला शिकवायला नको. कापसाने भरलेली गाडी जिनिंगला जाताना रस्त्यावर डोंगर चालल्यासारखा दिसतो. सरकी निघते, रुई प्रेसमध्ये जाते आणि १७० किलोची घट्ट गाठ बाहेर पडते. प्रेसमध्ये गेली ती हवा, रुई जेवढीच्या तेवढी. गिरणीत गाठ फोडली की ती पुन्हा फुलते. टार म्हणजे सगळ्या फाइली एका गाठोड्यात बांधणं आणि जीझिप म्हणजे प्रेस.

पण फाइलमध्ये हवा कुठे असते? फाइलमधली हवा म्हणजे पुन्हा पुन्हा आलेला मजकूर. आपली आरतीची वही आठवा. पहिल्या कडव्यानंतर ध्रुवपद पूर्ण लिहिलेलं असतं. पुढच्या प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'धृ.'. म्हणणारा काही चुकतो का? ध्रुवपद पूर्ण म्हणतो, कारण ते कुठे लिहिलंय ते त्याला माहीत असतं. दुकानदाराच्या वहीतही तसंच. वरचंच पुन्हा लिहायचं असेल तर दोन टिंबांची खूण. १९७७ मध्ये अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या इस्रायलच्या दोन संशोधकांनी हीच युक्ती गणितात बसवली. मजकूर वाचत जायचं आणि आधी आलेलं काही पुन्हा दिसलं, तर ते न लिहिता 'इतकं मागे जा आणि इतकी अक्षरं उतरवून घे' एवढंच लिहायचं. जीझिप मागे वळून बघतं ते फक्त ३२ किलोबाइटपर्यंत. त्याच्या मागचं त्याला आठवत नाही, आमच्या वयाच्या माणसांसारखं.

दुसरी युक्ती पत्रातली. आमच्या आजोबांच्या पत्राची सुरुवात 'सा. न. वि. वि.' अशी असायची. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. रोज लागणारं थोडक्यात लिहायचं, क्वचित लागणारं पूर्ण. डेव्हिड हफमन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने यावरून अक्षरांना लहान-मोठे संकेत देण्याची सर्वांत काटकसरीची रीत शोधली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या प्राध्यापकांनी वर्गाला सांगितलं होतं, परीक्षा द्या नाहीतर निबंध लिहा. हफमनने निबंध घेतला आणि त्यातून हे निघालं. विद्यार्थ्यांनो, यावरून परीक्षा रद्द करण्याची मागणी करू नका.

या दोन युक्त्या जोडल्या की जीझिपचं पोट तयार. ते लिहिलं ज्याँ-लू गायी आणि मार्क अॅडलर या दोघांनी, १९९२ मध्ये. त्याआधी युनिक्सवर जो प्रोग्रॅम वापरत, त्यातल्या पद्धतीवर पेटंट होतं. म्हणून यांनी कुणालाही फुकट वापरता येईल असा नवा प्रोग्रॅम दिला. अॅडलर पुढे मंगळावर गेलेल्या स्पिरिट या रोव्हरच्या मोहिमेतही होते. आपण सातवीत होतो तेव्हा लिहिलेला तो प्रोग्रॅम आजही चालतो. तुम्ही मोबाइलवर एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा ते पान बहुतेक वेळा याच किंवा याच्यासारख्या पद्धतीने दाबून तुमच्यापर्यंत येतं आणि मोबाइल ते गुपचूप उलगडतो.

आता मराठीबद्दल. नोकरीच्या सुरुवातीला मी ऐकायचे की मराठी मजकूर संगणकाला जड पडतो. हिशेब केला तर ते खरं दिसतं. इंग्रजीत 'असोदा' लिहायला पाच अक्षरं, पाच बाइट लागतात. मराठीत अ, स, ओकाराची मात्रा, द आणि काना अशी पाचच चिन्हं, पण आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट. एकूण पंधरा. तिप्पट वजन! पण ते पंधरा बाइट उलगडून बघा. पाचही चिन्हांचा पहिला बाइट एकच आहे. दुसरा बाइट पाचपैकी चार ठिकाणी एकच आहे. वेगळेपणा आहे तो मुख्यतः तिसऱ्यात. म्हणजे आपल्या गावाच्या नावाचं जादा वजन म्हणजे बहुतेक हवाच. मोठा मराठी लेख जीझिपमधून काढा, त्या तिप्पट वजनातला बराचसा भाग गळून पडतो. भाषा जड नव्हती, बांधणी सैल होती. हे मला कुणी व्याख्यानात सांगितलं नाही. मी फाइल दाबली, आकडे बघितले आणि मला कळलं. काळ्या पडद्यावर काम करण्याचा हा फायदा आहे, तिथे कुणाच्या मतावर अवलंबून राहावं लागत नाही.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही करून बघा. एका फाइलमध्ये 'असोदा' हा शब्द हजार ओळींत हजार वेळा लिहा. सोळा हजार बाइट होतील. जीझिप करा, सव्वाशेच्या आत येतील. मग एकदाच 'असोदा' लिहिलेली फाइल दाबा. ती उलट मोठी होईल! कारण प्रत्येक गाठीला जीझिप आपली चिठ्ठी बांधतं, तिचंच वजन १८ बाइट. मेथीच्या एका जुडीला सोल बांधल्यासारखं. आणि मोबाइलचा फोटो दाबून बघा, जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. दाबलेली गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातली तर आणखी काय दबणार?

फोटोचं निघालंच आहे तर ज्यासाठी मी हा विषय निवडला ते सांगते. दाबण्याचे दोन प्रकार आहेत. जीझिप दाबतं ते प्रेससारखं, सोडवलं की बाइट न बाइट परत. मोबाइलमधले फोटो दाबले जातात ते जिनिंगसारखे. सरकी एकदा निघाली की रुईत परत जात नाही. डोळ्याला जाणवणार नाही असा तपशील फेकून दिला जातो. एकदा फेकला तर खरंच जाणवत नाही. पण तोच फोटो या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये, स्क्रीनशॉट काढून, पुन्हा पाठवून फिरत राहिला की दर वेळी थोडं थोडं गळतं.

या स्मरणिकेसाठी आपल्या ग्रुपवर दहावीचा वर्गाचा फोटो आला, तेव्हा तो असा कितीतरी हातांतून आलेला होता. तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथी आपली मैत्रीण. ती आज आपल्यात नाही, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्या फोटोत तिचा चेहरा म्हणजे चार करडे ठिपके होते. दोन वेण्या कळत होत्या, डोळे कळत नव्हते. तिच्या घरीही तेव्हाचा दुसरा फोटो नाही. शेवटी आपल्यातल्या एकाच्या आईच्या पेटीत स्टुडिओतली मूळ प्रत निघाली. ती नीट स्कॅन केली. आता स्मरणिकेत तिचे डोळे दिसतात. ही प्रत निघाली नसती तर जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरने ते परत आणले नसते. हल्ली बनवून देतात, पण बनवलेले डोळे तिचे नसतात.

आपण ज्या गावात बसलो आहोत ते बहिणाबाईंचं माहेर. १८८० साली त्या इथे जन्मल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांच्या काही रचना टिपून ठेवल्या, म्हणून त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघू शकलं. टिपलं ते राहिलं. आपल्या शाळेची जुनी हजेरीपटं, हस्तलिखितं, गॅदरिंगचे फोटो, सरांच्या हातची प्रगतिपुस्तकं आपण आता टिपायला घेतली आहेत. म्हणून माझ्या धंद्यातल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, फोटो पाठवायचा असेल तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग तो आहे तसा पोचतो. दुसरी, सुटे फोटो ठेवू नका. वर्षाचं आणि वर्गाचं नाव देऊन फोल्डर करा आणि त्याची एक गाठ बांधा.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. गाठ बांधली म्हणजे काम झालं असं समजू नका, ताळा करा. आपल्याला गणिताच्या सरांनी गुणाकार झाला की ताळा करायला लावला होता. जीझिपही गाठीच्या शेवटी मूळ फाइलचा ताळा आणि मूळ आकार लिहून ठेवतं. जीझिप, आडवी रेघ, टी एवढं टाइप केलं की ते गाठ आतल्या आत सोडवून ताळा जुळतो का ते तपासतं. जुळला तर ते काहीच बोलत नाही. या प्रोग्रॅमांची ती रीत आहे. सगळं ठीक असेल तर गप्प, बिघडलं तरच बोलणार. घरात असं एखादं माणूस असावं! आणि लक्षात ठेवा, जीझिप दाबून झालं की मूळ फाइल काढून टाकतं आणि दाबलेलीच ठेवतं. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. मूळही हवी असेल तर के हे अक्षर जोडायचं. ही सोय २०१३ मध्ये आली.

चौथी, एक प्रत शाळेत, एक पुण्या-मुंबईतल्या कुणाकडे आणि एक तिसऱ्या ठिकाणी ठेवा. वर्षातून एकदा तीनही ठिकाणची गाठ सोडवून बघा. ज्याला सोडवता येत नाही अशी गाठ सांभाळून काही उपयोग नाही.

विद्यार्थ्यांनो, यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. लिनक्सवर टार आणि जीझिप दोन्ही असतात, विंडोजमध्येही २०१८ पासून टार आलं आहे. शाळेच्या संगणक कक्षात आज त्यातलं काहीतरी असणारच. भरीत-पुरीचं जेवण झालं की मी तिथे थांबणार आहे. झोप येईल, तरी या. १९९६ च्या फोटोंचं फोल्डर मी बरोबर आणलंय. त्याची गाठ मी बांधणार नाही, तुमच्यापैकी कुणीतरी बांधेल आणि ताळाही तुम्हीच कराल.