आधी दार की आधी चिवडा?

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी ठेवा, कारण मधेच कुठंतरी भुंकणं येणार आहे आणि मी ते एडिट करून काढणार नाहीये. आजचा भागच त्याच्यावर आहे.

त्याचं नाव चिवडा. वय साधारण दोन वर्षं, जात गावठी, रंग गुळासारखा. घोटवडे फाट्याजवळ भर पावसात एका टपरीखाली कुडकुडत बसला होता, तिथून उचलून आणला. नाव आधी ठेवलं, गुण नंतर कळले. ज्या वस्तूला हा दात लावतो तिचा अक्षरशः चिवडा होतो. आणि हो, त्याला खरा चिवडा आम्ही देत नाही. त्यात मनुके असतात आणि मनुके, द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक असतात. हे एवढं जरी आजच्या भागातून लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

आता घर. पिरंगुटमध्ये आमचा वन बीएचके आहे, कर्जाचा. मी आणि बायको दोघंही आयटीत. डाउन पेमेंट, रजिस्ट्रेशन सगळं झाल्यावर इंटिरिअरवाल्याला द्यायला काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, आपणच करू की! बीटेक झालोय, यूट्यूब आहे, ड्रिल मशीन घेतलंय. पहिल्याच पावसाळ्यात मुळशीनं माझं बीटेक काढलं. मी हौसेनं बनवलेला एमडीएफचा शू रॅक जुलैत खालून पुरीसारखा फुगला. बेडरूमचं दार ओलीनं इतकं फुगलं की खांदा लावल्याशिवाय बंद होईना. इथं नवीन घर घेतलेल्यांनो, ऐका: जमिनीला टेकणारं काहीही एमडीएफचं करू नका. बीडब्ल्यूपी प्लाय घ्या, कापलेल्या कडा सील करा आणि खाली पाय लावा. पैसे जास्त जातात, पण एकदाच जातात.

तर घर असं हळूहळू जमत होतं आणि त्यात चिवडा आला.

पहिल्या दोन महिन्यांत काय काय गेलं सांगतो. मेन दाराच्या लाकडी चौकटीचा खालचा वीतभर भाग. दाराच्या खालच्या कडेची सनमायका. बाल्कनीच्या स्लायडिंगची मच्छरदाणीची जाळी, दोनदा. पडदा. नवा शू रॅक, हा प्लायचा होता बरं का. आणि सोफ्याचा एक कोपरा. मी काय करायचो? ऑफिसातून यायचो, बघायचो, ओरडायचो. तो कान पाडून, शेपूट आत घालून कोपऱ्यात बसायचा. मी बायकोला म्हणायचो, "बघ, याला बरोबर कळतं आपण काय केलंय ते." मग रात्री जेवून वुड पुट्टी, पॉलिश पेपर, फेविकॉल, ड्रिल घेऊन मी दुरुस्तीला बसायचो. शनिवारी चौकट एकदम चकाचक. मंगळवारी परत चिवडा.

त्या पडलेल्या कानांवर एक गंमतशीर अभ्यास झालाय. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधक आहेत, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये. त्यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ ठेवायचा, मालकानं "खाऊ नको" म्हणून बाहेर जायचं. कधी कुत्रा खायचा, कधी नाही. पण आत परत येणाऱ्या मालकाला काही वेळा मुद्दाम खोटं सांगितलं जायचं. निघालं असं की कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्यानं खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. ज्यानं काहीच केलं नव्हतं तोही रागावल्यावर तसाच चेहरा करायचा. म्हणजे माझ्या घरात रोज संध्याकाळी सातला तो जे सांगत होता ते "चुकलो" नव्हतं. "तू आलास की ओरडतोस, मला भीती वाटते" एवढंच होतं. हे वाचून मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण हे मी नंतर वाचलं. त्याआधी ती रात्र आली.

सोफ्याचा कोपरा फाडला तेव्हा आम्ही स्पंजचे तुकडे गोळा केले, पण ते मोजणार कोण? रात्री अकरापासून त्याला उलट्या सुरू झाल्या. नुसता फेस. गाडीत घालून कोथरूडकडे निघालो, भूगावला नेहमीसारखे अडकलो, रात्रीसुद्धा! डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, एक्सरे काढला. म्हणाले की स्पंज एक्सरेत नीट दिसत नाही, आतड्यात अडकला असेल तर ऑपरेशन करावं लागेल, सकाळपर्यंत बघू. पहाटे साडेपाचला घरी, बाथरूमच्या उंबऱ्यावर त्यानं मुठीएवढा ओला स्पंज ओकून टाकला. बायको तिथंच फरशीवर बसून रडली. मी तो स्पंज हातात घेऊन उभा. काय बोलणार?

सकाळी गावी अप्पांना फोन केला. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात. अप्पा म्हणाले, "आण की हिकडं. शेतावर सोड. हितं काय खाईल, बांध?" खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हणालो होतो. ईएमआय, चौकट, सोसायटीच्या ग्रुपवर भुंकण्याच्या तक्रारी, आणि वर ही रात्र. पण आमच्याकडं उसात बिबट्या येतो आणि मोकळा कुत्रा त्याला सोपा पडतो. चिवड्याला लिफ्ट माहिती आहे, बिबट्या माहिती नाही. अप्पांना मी तसं म्हटलं, तर ते सहज बोलून गेले, "आमच्या कुत्र्यानं कधी दार खाल्लं न्हाई बाबा. आन खाईल कशाला? घर कधी रिकामं नसतंय आमचं."

फोन ठेवल्यावर हे वाक्य डोक्यात घोळत राहिलं. गावच्या घराला कुलूप लागलेलं मी आयुष्यात एक-दोनदाच पाहिलं असेल. कुत्रा ओट्यावर, पण आजी, आई, म्हशी, येणारा-जाणारा, कोणी ना कोणी असतंच. आमच्या पिरंगुटच्या घराला आठवड्यातून तीन दिवस पावणेनऊला कुलूप लागतं आणि सातला निघतं.

मग मी ते केलं जे पहिल्याच आठवड्यात करायला पाहिजे होतं. जुना फोन, ज्याची स्क्रीन फुटलीय पण कॅमेरा चालतो, तो टीव्हीवर चार्जिंगला लावला आणि त्यात सीसीटीव्हीचं फुकट अ‍ॅप टाकलं. तुमच्या ड्रॉवरमध्येही असा एक फोन असणारच. ऑफिसात मी प्रॉडक्शनला इश्यू आला की आधी लॉग बघतो. घरी मात्र दोन महिने लॉग न बघता नुसतं फिक्स डिप्लॉय करत होतो.

पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग. 8:44 ला आम्ही बाहेर. 8:51 पर्यंत तो दारासमोर बसून आहे, हलत नाही. मग दाराच्या फटीला नाक लावतो. मग रडतो. भुंकत नाही हो, रडतो, मान वर करून. मग पंजे, मग दात. चौकटीचा तोच खालचा कोपरा. साडेनऊला दमून झोपतो. 11:10 ला वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल सुरू होतं आणि हा उडी मारून बाल्कनीकडं धावतो, जाळीत डोकं घालतो. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांपर्यंत. आपल्याला जी नुसती कटकट, ती त्याला काय असेल?

आणि मग माझी ट्यूब पेटली. ड्रिल घरात कोण चालवतं? मीच! रोज रात्री, त्याच दाराशी, त्याच चौकटीवर.

घराचा नकाशा काढला आणि त्याच्यावर सगळे ओरखडे मार्क केले. चौकट, सनमायका, शू रॅक दाराशी. जाळी आणि पडदा बाल्कनीशी. सोफ्याचासुद्धा तोच कोपरा जो दाराला लागून आहे. आतल्या बेडरूममध्ये काहीच नाही, आणि किचनची ट्रॉली सोडली तर किचनमध्येही नाही. ट्रॉलीत बिस्किटं होती, तो गुन्हा शुद्ध आहे, त्याला माफी नाही. बाकी सगळं बाहेर जायच्या वाटेवर. हा कुत्रा घर तोडत नव्हता, घराबाहेर पडायला बघत होता. आणि मी ती वाट दर शनिवारी नवीकोरी करून, वर ड्रिलनं त्याला अजून घाबरवून, सोमवारी परत त्याच्यासमोर बंद करत होतो.

दुरुस्ती थांबवली. चौकट तशीच उघडी ठेवली, पाहुणे आले तरी. हे मला सगळ्यात अवघड गेलं, खोटं नाही सांगत.

त्याऐवजी बायकोनं सुरू केला सराव. किल्ली उचलायची, परत ठेवायची, कुठंच जायचं नाही. बूट घालायचे आणि सोफ्यावर बसायचं. मग दार उघडून बाहेर तीस सेकंद, परत आत, काही कौतुक नाही, काही बोलणं नाही. मग एक मिनिट, मग तीन. तो अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं, ही मेख आहे. या काळात त्याला एकटं ठेवायचं नाही, म्हणून आम्ही ऑफिसचे दिवस आलटून पालटून घेतले आणि दोघांनीही सुट्ट्या जाळल्या. वीस मिनिटांवर पोचायला पाच आठवडे लागले. निघताना रबरी खेळण्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठवलेला द्यायचा, चाटत बसतो. ड्रिलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू लावायचा आणि सोबत चिकनचा तुकडा.

शेजारच्या काकांचा सल्ला होता, बाल्कनीत साखळीनं बांधा. चांगल्या मनानं सांगितलं त्यांनी. पण आखूड किंवा जड साखळीला वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि घाबरलेला कुत्रा चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत बांधणं म्हणजे वेगळंच संकट.

मग कुठं घराकडं वळलो. मुंबईचं बॉम्बे हाऊस माहितीये ना, टाटांचं मुख्यालय, 1924 सालची इमारत? तिचं नूतनीकरण होऊन 2018 मध्ये ती परत उघडली, वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया. तिथं पूर्वीपासून येऊन बसणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी त्यात चक्क एक खोली केलीय. आमच्या घरात खोल्या आहेत दीड, पण मुद्दा पटला. शू रॅक दारापासून हलवून पॅसेजमध्ये नेला आणि दाराशेजारी त्याची गादी टाकली, त्याला तिथंच बसायचंय तर बसू दे. दाराला खाली फूटभर स्टीलचा पत्रा लावला. बाल्कनीला साध्या नेटलॉनऐवजी स्टीलची जाळी. सोफ्याचा तो कोपरा शिवून भिंतीकडं फिरवला. आणि सगळं ड्रिलिंग एका रविवारी, बायको त्याला मागच्या टेकडीवर घेऊन गेली तेव्हा.

जुनं घर घेतलं असेल तर एक काळजी घ्या. दारा-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कुत्र्याला चावू देऊ नका. रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवायची सक्ती आपल्याकडं 2017 च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगात कितीही असू शकतं. तुमचं कुत्रं सात महिन्यांच्या आतलं असेल तर मात्र आधी हा सगळा व्याप करू नका. दुधाचे 28 दात पडून 42 पक्के येत असतात, ते चावणारच. त्याला चावायला काहीतरी द्या आणि सोफा घ्यायची घाई करू नका.

आता सध्याची परिस्थिती. चिवडा साडेतीन तास एकटा राहतो. चारला रडतो. म्हणून दुपारी एक मावशी येऊन त्याला खाली फिरवून आणतात, तो खर्च ईएमआयच्या खालोखाल आलाय. मागच्या आठवड्यात पाऊस आणि वीज दोन्ही एकदम, तेव्हा त्यानं परत चौकट धरली, पत्र्याच्या बरोब्बर वर, जिथं पत्रा संपतो तिथं. अप्पा परवा येऊन गेले. चौकट बघितली, हात फिरवला, म्हणाले, "सागवान न्हवतंच हे." मग जाताना चिवड्याला भाकरीचा तुकडा देऊन गेले, माझ्या नकळत, सोफ्यावर.

ऐकू आलं? दाराशी उभा आहे, फिरायची वेळ झाली. चौकट मी अजून भरलेली नाही. तुमच्याकडं कोणी वर चढून कुरतडणारं असेल आणि पत्रा किती उंच लावायचा हे माहिती असेल तर मला मेसेज करा. चला, येतो.