कुर्डीतले घर



शताब्दीच्या या सोहळ्यासाठी आपण मला रांध्याहून अगत्याने बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. थोर कलावंताचे घर पाहावयास आपण जातो, तेव्हा एखादा जुना तानपुरा, भिंतीवरची तसबीर असे काही दृष्टीस पडेल अशी अपेक्षा असते. मी पाहिलेल्या घराला छप्परच नव्हते, आणि वर्षातले बहुतेक महिने ते घर दिसतही नाही.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी गोव्यातील सांगे तालुक्यात कुर्डी या गावी झाला. पुढे साळावली नदीवर धरण झाले आणि १९८६ साली गाव पाण्याखाली गेले. महादेवाचे प्राचीन देऊळ तेवढे दगड सुटे करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारले गेले. घरांच्या वाट्याला ते भाग्य कोठून येणार?

मे महिन्यात पाणी ओसरले की गाव वर येते. भेगाळलेला गाळ, झाडांचे वठलेले बुंधे, चिऱ्यांची जोती. वाडें, वालकिणी येथे वसविलेले ग्रामस्थ त्या दिवसांत परततात. सोमेश्वरापुढे उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबे आपले फेस्त करतात. एका वृद्ध गृहस्थांना मी मोगूबाईंचे घर विचारले. त्यांनी मला आधी स्वतःच्या घराशी नेले. येथे चूल, येथे तुळस, येथे गोठा, असे सगळे दाखवून झाल्यावर मग म्हणाले, आता चला बाईंकडे.

तेथेही जोतेच होते. मुलीने मोठी गायिका व्हावे हा ध्यास घेतलेल्या जयश्रीबाई याच घरातल्या. मोगूबाई लहान असतानाच त्या गेल्या. नाटक मंडळ्यांतून वणवण करीत मुलगी सांगलीस पोहोचली, अल्लादियाखाँसाहेबांच्या कानी तिचा आवाज पडला, आणि जयपूर घराण्याला एक विलक्षण गळा लाभला. किशोरीताईंची तालीम त्याच गळ्यातून झाली. हे सारे मला पाठ होते. वर्गात अनेकदा सांगितलेही होते. तेथे उभा असताना मात्र ते गृहस्थ आपल्या गोठ्याविषयी जे बोलले, तेच आठवत राहिले. (संगीताचा अभ्यासक म्हणून हे कबूल करताना थोडा संकोच वाटतो.)

याचे कारण आमच्याकडेच आहे. नगरहवेली आणि गोवा, दोन्ही पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते. आम्ही १९५४ साली सुटलो, गोवा १९६१ साली. पुढे दमणगंगेवर मधुबन धरण झाले आणि आमच्याही कित्येक पाड्यांवर पाणी आले. परतल्यावर मी वर्गात कुर्डीची हकीकत सांगितली. तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्या आजीचा पाडापण तसाच गेला. पण तिथली कोणी गाणारीण मोठी झाली नाही, म्हणून त्याला कोण विचारतं?"

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी एक दोनशेपानी वही आणली. बुडालेल्या पाड्यांची नावे, कोणाचे घर कोठे होते, विहीर कोठे, लग्नात गाणारी धवलेरी कोण, हे मुले घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून तीत लिहितात. पहिले पान त्या मुलीच्या आजीचे आहे. अजून निम्मी वही कोरी आहे. तरी लिहून झालेल्या पानांची प्रत मी आज सोबत आणली आहे. ती आपल्या संग्रहात दाखल करून घ्यावी, एवढी विनंती.