धुण्याचे पिळे आणि मराठी
(अकादमीच्या व्याख्यानमालेत शिक्षक, लेखक आणि विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'माळव्यातल्या घरांतली मराठी' हा विषय मला दिला, तेव्हा सणवार, ओव्या, स्वयंपाक यांवर मी बोलेन असं संयोजकांना वाटलं असणार. त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी धुण्यावर बोलणार आहे. माझं शब्दभांडार स्वयंपाकघरात जितकं वाढलं, तितकंच विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावरही वाढलं. त्या दगडाशी माझा एक जुना हिशेबही आहे. तो शेवटी सांगते.

आमचं घर इंदूरचं, जुन्या वाड्यातलं. माणसं एकोणीस : आजी-आजोबा, आत्या, आई-बाबा, दोन काका, दोन काकू आणि आम्ही दहा मुलं. आजी, आत्या आणि थोरली काकू नऊवारी नेसत. आई आणि धाकटी काकू पाचवारी. म्हणजे नुसत्या बायकांच्या लुगड्या-पातळांचं रोजचं धुणं सदतीस वार. त्यावर धोतरं, पंचे, सदरे, परकर, चोळ्या, मुलांचे कपडे, बाळोती आणि अंथरुणं. नर्मदेचं पाणी इंदूरला पोचलं १९७८ साली. त्याआधी आमचं सगळं धुणं विहिरीवर होतं आणि विहिरीचं पाणी जड. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पाण्यातले क्षार साबण खाऊन टाकतात आणि कपड्यावर करडा साका धरतो. म्हणून धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवायचा, मग कपडे भिजत घालायचे. हे शास्त्र मी पुढे शाळेत शिकले. आत्या त्याला 'पाणी मऊ करून घे' एवढंच म्हणायची.

धुणं आधी निवडायचं, हे आत्याचं काम. पहाटे ती ढीग पसरून बसायची आणि त्याचे आठ-नऊ बोळे करायची. सोवळ्याचं वेगळं. पांढरं वेगळं. रंगीतात पक्क्या रंगाचं एकीकडे, कच्च्या रंगाचं दुसरीकडे. कोरं कापड सगळ्यांत निराळं, कारण त्याची खळ आणि रंग दोन्ही पहिल्या धुण्यात सुटतात. इंदूर गिरण्यांचं गाव, त्यामुळे घरात कोरा मांजरपाट नेहमी असे. मग मुलांचे मळके कपडे, मग बाळोती, मग अंथरुणं आणि सर्वांत शेवटी फडकी, मसोती, पोतेरी.

या शेवटच्या तीन शब्दांकडे जरा लक्ष द्या. जुनं लुगडं आधी दुपटं व्हायचं किंवा गोधडीत जायचं. त्यातून उरलेला तुकडा फडकं. फडकं काळं पडलं की चुलीपाशी मसोतं. मसोतं विरलं की जमीन पुसायला पोतेरं. एका कापडाचं आयुष्य पायरी पायरीने खाली उतरायचं आणि प्रत्येक पायरीला नाव होतं. आज माझ्या नातीकडे या सगळ्यांना मिळून 'कपडा' हा एकच शब्द आहे.

धुण्याच्या कृतींनाही अशीच नावं होती. नुसतं पाण्यात घालून काढणं म्हणजे बुचकळणं. कमी मळलेलं कापड हातातल्या हातात हलकं चोळणं म्हणजे चुबकणं. दगडावर आपटणं वेगळं, मोगरीने बडवणं वेगळं. साबण निघून जाईपर्यंत स्वच्छ पाण्यातून हलवणं म्हणजे खळबळणं. मग पिळून ठेवलेला तो पिळा. पिळे बादलीत रचून गच्चीवर न्यायचे, एकेक उलगडून झटकायचा आणि दांडीवर वाळत घालायचा.

मी आठवीच्या वर्गात एकदा 'खळबळणे' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ विचारला. एका मुलाने झटकन हात वर केला आणि म्हणाला, 'बातमी छापून येणे.' वर्ग हसला, मीही हसले. पण त्याचं काय चुकलं? त्याच्या घरी यंत्र होतं. खळबळ त्याने फक्त वर्तमानपत्रात पाहिली होती. 'पीळ' त्या वर्गाला जळलेल्या सुंभाच्या म्हणीतून माहीत होता, पिळा एकालाही माहीत नव्हता. 'परीटघडी' त्यांना पुढाऱ्यांच्या कपड्यांमुळे ठाऊक होती, पण परीट म्हणजे धोबी, हे सांगावं लागलं.

इथे मला शिक्षकांशी थोडं बोलायचं आहे. आपल्या इंदुरी मराठीवर हिंदीची सावली आहे, अशी तक्रार आपण नेहमी करतो. मीही केली आहे. मुलगी 'कपडे सुखले का?' म्हणाली की मी 'वाळले का?' म्हणून दुरुस्त करायची. मग मुंबईच्या मावसबहिणीकडे गेले, तर तिथे सगळे बिनदिक्कत कपडे सुकत घालत होते. 'सुकणं' मराठीच आहे. आमच्या घरी ते भाजीसाठी आणि जखमेसाठी राखलेलं, इतकंच. मोगरी आम्ही इथल्या हिंदीतून घेतली. आणि 'लुगडं' हा शब्द ज्याला आपण अगदी आपला समजतो, तो माळवी बोलणाऱ्या बायकांच्या तोंडी थोड्या वेगळ्या रूपात पूर्वीपासून आहेच.

हे मला कळलं ते आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या बाईंमुळे. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. त्या माळवी बोलत आणि तीस वर्षं आमच्या घरी येऊन मराठी शिकल्या. वाड्यातली शेवटची माणसं निवृत्त होऊन फ्लॅटमध्ये गेली, तेव्हा मी घरगुती शब्दांची वही करायला घेतली होती. चुलतभावंडांना विचारलं, तर 'चुबकणं' एकालाही आठवेना. बाईंना विचारलं, तर त्यांनी बसल्या जागी हात हलवून दाखवला आणि म्हणाल्या, 'ये चुबकना, ये खलबलना.' आमच्या घरातून गेलेली क्रियापदं त्यांच्याकडे शाबूत होती, कारण हात त्यांचे चालले होते. आम्ही शब्दांचे मालक होतो आणि काम त्यांचं होतं. माझ्या वहीत त्या पानावर मी तसं लिहून ठेवलं आहे.

आता दुसरी बाजू. इतका वेळ बोलले त्यावरून जुनं धुणं म्हणजे केवढी समृद्धी, असं वाटेल. ते अर्धंच खरं आहे.

धुण्याचा क्रम दोन कारणांनी ठरत होता. एक कारण पाण्याचं. विहिरीचं पाणी ओढून काढायचं, सोडा-साबण विकत आणायचा, म्हणून पांढऱ्याचं साबणपाणी रंगीताला, रंगीताचं मसोत्या-पोतेऱ्यांना आणि उरलेलं मोरी घासायला. यात शहाणपण होतं. बाळोत्यांवर आधी गार पाणी, गरम कधीच नाही, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. रेशमी मुकटा सोड्यात घालायचा नाही. रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा, कारण सोड्याने रेशीम खराब होतं. यातही शहाणपण होतं.

दुसरं कारण माणसांच्या पायऱ्यांचं. आजोबांचं धोतर सगळ्यांच्या आधी. सुनांची लुगडी मागाहून. धुण्याच्या बाईंनी धुतलेले कपडे सोवळ्याच्या कामाला चालायचे नाहीत. ते घरच्या माणसाने पुन्हा पाण्यातून काढायचे. महिन्याच्या दिवसांतल्या कपड्यांना तर आमच्या घरात नावच नव्हतं. पोतेऱ्यालाही नाव होतं, त्यांना नव्हतं. ते जिचे तिने धुवायचे आणि दुसऱ्या कापडाखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवायचे. ज्या कापडाला कडक उन्हाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ऊन मिळायचं नाही. धाकट्या काकूने त्यापायी काय काय सोसलं, ते तिने म्हातारपणी एकदाच सांगितलं.

ही दोन्ही कारणं आत्या एकाच सुरात सांगायची. 'रेशीम सोड्यात घालू नये' आणि 'हिचं त्याच्यात घालू नये', दोन्हींत तोच 'नये'. मूल म्हणून ऐकताना कापडाचा नियम कुठला आणि माणसाचा कुठला, हे कळायला वाट नव्हती.

आता तो हिशेब. आत्या लहानपणीच विधवा झालेली. तिचं केशवपन झालं होतं, आलवण नेसायची. अशा बाईला मराठीत 'सोवळी' म्हणतात. विद्यार्थ्यांनी हा शब्द नीट पाहावा. सोवळं म्हणजे शुद्ध, देवाच्या कामाचं. घरचा नैवेद्य आत्याच्या हातचा, एकोणीस माणसांचं जेवण तिच्या हातचं. आणि तिचं आलवण मात्र पुढच्या गॅलरीत वाळत घालायचं नाही. ते मागच्या परसात, भिंतीच्या आड.

१९६४ साली मी नऊ वर्षांची होते. थोरल्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. घाईत मला पिळ्यांची बादली दिली आणि मी सगळे पिळे पुढच्या गॅलरीत वाळत घातले, आत्याच्या आलवणासकट. काठ नीट जुळवून घातलं होतं, मला अजून आठवतं. शाबासकी मिळेल असं वाटत होतं. आजी बाहेर आली, तिने पाहिलं आणि एक शब्द न बोलता ते ओलं आलवण ओढून काढलं. मला कोणी रागावलं नाही. आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, 'तिची चूक नाही. पिळा मीच वेगळा ठेवायला हवा होता.'

रोज पहाटे सगळ्या घराचे कपडे निवडणारी ती. स्वतःचा बोळाही ती स्वतःच बाजूला काढत होती. ते वाक्य मी वहीत 'पिळा' या शब्दापुढे उदाहरण म्हणून लिहिलं आहे. कोशात शब्दाचा अर्थ मिळतो. तो कोणाच्या तोंडी होता, कोणाविषयी होता आणि म्हणताना ती व्यक्ती कुठे उभी होती, हे आपणच लिहून ठेवायला हवं.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती. जनाबाईंच्या अभंगांत देव त्यांच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, धुणं धुतो. संतांना या कामात वाङ्मय दिसलं, तर आपल्यालाही दिसायला हरकत नाही. घरी जा आणि धुणं करणाऱ्या माणसाला विचारा, मग ती आजी असो, आई असो की कामाला येणाऱ्या बाई. शब्द लिहा, हाताची कृती लिहा आणि कोणाचे कपडे कोणाच्या आधी, कोणाचे वेगळे, तेही लिहा. जिथे नाव नव्हतं, तिथे जागा रिकामी सोडा आणि ती का रिकामी आहे ते समासात लिहा. नुसते गोड शब्द गोळा करून स्मरणिका काढायची असेल, तर त्या कामाला माझी वही देणार नाही.

१९८६ साली आमच्याकडे कपडे धुण्याचं यंत्र आलं. तोवर आलवण जाऊन आत्याच्या अंगावर पांढरं पातळ आलं होतं. ती शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि विचारलं, 'यात सगळ्यांचं एकदम घालायचं?' मी म्हटलं, 'पांढरं पांढऱ्यात, रंगीत रंगीतात, एवढंच बघायचं.' ती थोडा वेळ फिरणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. मग आत गेली, आपलं पातळ घेऊन आली आणि भावाच्या धोतरावर टाकून झाकण लावलं.

वाळत मी घातलं, पुढच्या गॅलरीत. या वेळी कोणी काढलं नाही.