ओढ्याकाठचे कुंपण

गुरांना पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्यकर्म. तेव्हा ओढ्याकाठी तार बांधून गाईंना अडवावे, हे कानाला खटकणारच. न्यूझीलंडात २००३ साली दूधधंदेवाल्यांनी आणि सरकारने मिळून तसा करार केला. कोणता ओढा अडवायचा? ढांगेहून रुंद, घोट्याहून खोल आणि बारमाही वाहणारा! हे शेतकरी माप आम्हांस फार आवडले. गाईंना पाणी हौदावर द्यावे.

पण तिथला इनांगा मासा या मापाला जुमानत नाही. तिकडच्या शरदात, उधाणाच्या भरतीला, नदीमुखाजवळच्या काठावरील बुडालेल्या गवतात तो अंडी घालतो. पाणी ओसरते, अंडी मात्र गवताच्या बुडाशी, ओलाव्यात, पुढच्या उधाणाची वाट पाहत दोन-चार आठवडे राहतात. मध्येच गुरे चरून गेली, की सावली जाते, अंडी सुकतात. उरलेली खुरांखाली चिरडतात. म्हणजे मासा वाचवायचा तर कुंपण पाण्याला चिकटून नव्हे, उधाणाच्या रेषेमागे हवे. २०२० च्या नियमांनी नव्या कुंपणाला पात्रापासून किमान तीन मीटर अंतर सांगितले. काठची ती पट्टी म्हणजे मळ्यातले हिरवेगार गवत. ते सोडताना शेतकऱ्याचा जीव तुटला, तर त्यात आम्हांस नवल वाटत नाही.